टायरेल कंपनी आणि ब्रह्मदेवाचे पाय

दोस्त हो, एका इंग्रजी सिनेमाबद्दल लिहितोय. नाक मुरडू नका. पोटाबद्दल, मारहाणीबद्दल, गायरानाबद्दल लिहायचं सोडून ह्याला हॉलिवूडचं वेड कधी लागलं, असं विचारायचं तर जरूर विचारा. पण पुरतं वाचून मग विचारा.

सिनेमाचं नाव 'ब्लेड रनर'. दिग्दर्शक रिडली स्कॉट. मूळ कादंबरी फिलिप के. डिक या अमेरिकन लेखकाची, १९६८ ची. सिनेमा पडद्यावर यायच्या जेमतेम चार महिने आधी हा लेखक मेला. जून १९८२ मध्ये सिनेमा अमेरिकेत लागला. त्या जूनमध्ये इकडे गिरणगावात अडीच लाख कामगार संपावर होते, १८ जानेवारीपासून. आमचा आजा त्यात होता, साचाखात्यात. ह्या सिनेमाचं नावही त्याच्या कानावर जायचं कारण नव्हतं. आणि सिनेमा तर त्याचाच होता.

मोबाईलवर या सिनेमाबद्दल बोलणारे विद्वान हवे तेवढे सापडतात. सगळ्यांचा सूर एकच. हे निर्मिती आणि मृत्यू यांवरचं चिंतन आहे म्हणे. माणूस म्हंजे काय? आठवण खरी की खोटी? निर्माता आणि निर्मिती यांचं नातं काय? मग ते पावसाबद्दल, निळसर उजेडाबद्दल, वँगेलिसच्या संगीताबद्दल हळू आवाजात बोलतात, देवळात बोलावं तसं. सगळं बोलतात, फक्त मजुरी हा शब्द तोंडातून निघत नाही. दोन तासांच्या सिनेमातून कामगार उचलून बाजूला ठेवायचा आणि उरलेल्याला तत्त्वज्ञान म्हणायचं. ही कला आपल्या देशातल्या पंडितांना शिकवायला नको. तिचे मूळ मालक तेच.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट सांगतो. साल २०१९, शहर लॉस एंजेलिस. टायरेल नावाची कंपनी हुबेहूब माणसं बनवते. त्यांना रेप्लिकंट म्हणतात. हाडामांसाची, ताकदीनं आपल्याहून जबर, अकलेनं बनवणाऱ्याच्या तोडीची. त्यांना पृथ्वीबाहेरच्या वसाहतींत धाडतात. ओझी उचलायला, लढायला, बायांना करमणुकीला. सुरुवातीच्या पाटीवरच गुलाम मजूर असं सरळ लिहिलंय, तेव्हा मी काही ओढूनताणून आणतो असं समजू नका. तिकडे ते बंड करतात. मग कायदा होतो की रेप्लिकंट पृथ्वीवर दिसला की गोळी. गोळी घालणाऱ्या पोलिसाचं नाव ब्लेड रनर. तरी काही जण जहाज पळवून पृथ्वीवर येतात. कारण त्यांचं आयुष्य चारच वर्षांचं ठेवलेलं असतं. ते वाढवून मागायला येतात. त्यांचा पुढारी रॉय बॅटी. मागावर सोडलेला पोलीस डेकार्ड. एवढीच गोष्ट.

पृथ्वीबाहेर. हा शब्द ऐकून तुमच्या कानात काही वाजलं का? माझ्या वाजलं. गावकुसाबाहेर.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांचा कायदा आहे. राहायचं गावाबाहेर. ल्यायची मेलेल्यांची वस्त्रं. खायचं फुटक्या भांड्यात. रात्री गावात फिरायचं नाही. दिवसा कामापुरतं यायचं, तेही राजानं ठरवलेली खूण अंगावर घेऊन. बेवारस प्रेत उचलायचं. टायरेलच्या वकिलाला पृथ्वीबंदीचा कायदा लिहायचा होता तर एवढा त्रास कशाला घेतला? तयार मसुदा आमच्याकडे होता.

आणि ती परीक्षा! रेप्लिकंट दिसतो माणसासारखाच. मग ओळखायचा कसा? समोर बसवतात, डोळ्यावर यंत्र रोखतात, आडवेतिडवे प्रश्न विचारतात आणि बुबुळ हलतं का बघतात. लिऑन नावाचा रेप्लिकंट आपण कोण ते लपवून टायरेलच्याच कंपनीत लागलेला असतो. काम कुठलं? कचऱ्याच्या विल्हेवाटीचं. बघा दोस्त हो, जात चोरली तरी काम तेच मिळालं. साहेब त्याला यंत्रासमोर बसवून विचारतो, तुझ्या आईबद्दल चांगलं काय आठवतं ते सांग. ज्याला आईच दिली नाही त्याला आईबद्दल विचारतो. लिऑन टेबलाखालून गोळी झाडतो. बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' हे पुस्तक १९६३ चं, म्हंजे सिनेमाच्या १९ वर्षं आधीचं. तिथं बंदूक नाही, पण परीक्षा तीच. तुम्हीही दिलीय. भाड्याची खोली बघायला गेलात की घरमालक विचारतो, आडनाव काय? नाही, तसं नाही, मूळ गाव कुठलं? गावात घर कुठल्या आळीला? तोही डोळ्याकडेच बघत असतो.

आता मरणाकडे येतो, कारण विद्वानांचा सगळा जीव तिथं अडकलाय.

रेप्लिकंटला चारच वर्षं का? सिनेमात पोलीस साहेबच सांगतो. बनवणाऱ्यांच्या लक्षात आलं की हे जास्त जगले तर त्यांना स्वतःच्या भावना फुटतील. राग येईल, माया येईल, हेवा वाटेल. म्हणून आधीच बंदोबस्त केला. इथं मी सिनेमा थांबवला आणि तो तुकडा पुन्हा पाहिला. इंग्रजी अक्षरं वाचत, डिक्शनरी उघडून, शब्द न् शब्द लावून. कारण हे आमच्या गेटवर लिहिलेलं आहे. मी एका रोलिंग मिलमध्ये ठेक्यावर आहे. लाल झालेली सळई चिमट्यानं धरून पुढच्या रुळात घालायची, आठ तास, कधी बारा. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात सलग नोकरीचा हिशेब २४० दिवसांचा होता. हा आकडा आमच्यातल्या अंगठेबहाद्दरालाही पाठ असतो, आणि ठेकेदाराला तर झोपेतसुद्धा. दिवस भरत आले की माणसाला घरी बसवायचं. पुन्हा नवीन पास, नवीन तारीख, पुन्हा पहिला दिवस. ह्याला आम्ही ब्रेक म्हणतो. का देतात? जास्त टिकलेला माणूस बोलायला लागतो. पीएफची पावती मागतो, बाजूच्याचं नाव विचारतो, युनियनवाल्याच्या घरी चहाला जातो. भावना फुटतात हो त्याला!

रॉय बॅटीची चार वर्षं म्हंजे ब्रेक आहे. त्याला नियती म्हणू नका. तो ठेक्याच्या कागदावरचा एक कलम आहे आणि तो लिहिणारा माणूस उंच इमारतीत वरच्या मजल्यावर बुद्धिबळ खेळतोय. मरण सगळ्यांना आहे, मान्य. पण ते किती वर्षांनी, कशानं आणि कुणाच्या फायद्यासाठी, हे सगळ्यांना सारखं नाही. पिंजरलेल्या कापसाची धूळ छातीत भरून खोकत मरणारा आणि ऐंशीव्या वर्षी गीता ऐकत मरणारा या दोघांना 'मर्त्य मानव' या एकाच शब्दात बसवणं ही लबाडी आहे.

अजून एक शब्द बघा. सिनेमात रेप्लिकंटला मारणं याला मारणं म्हणत नाहीत. निवृत्त करणं म्हणतात. झोरा नावाची बाई काचा फोडत रस्त्यानं पळतेय, डेकार्ड पाठीत गोळ्या घालतोय, आणि सरकारी कागदावर तिची निवृत्ती झाली. हसू आलं मला. गिरण्या बंद करून आमच्या माणसांच्या हातात कागद ठेवले त्यावर काय लिहिलं होतं? स्वेच्छानिवृत्ती. स्वेच्छा! हॉलिवूडवाल्यांना एवढी पुढची मजल सुचली नाही. आणि गटारात गुदमरून मरतो त्याला काय म्हणतात? दुर्घटना. १९९३ मध्ये कायदा झाला, २०१३ मध्ये दुसरा झाला, ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की गटारात मेलेल्याच्या घरच्यांना ३० लाख द्या. भाव वाढला. माणूस उतरवणं थांबलं नाही.

खुद्द रोबो हा शब्द कुठला आहे? कारेल चापेक या झेक लेखकाच्या १९२० च्या नाटकातला. झेक भाषेत 'रोबोटा' म्हंजे वेठ, जमीनदाराकडे फुकट राबणं. आपल्या विज्ञानकथावाल्यांनी त्याचं मराठी काय केलं? यंत्रमानव. यंत्र आलं, मानव आला, वेठ कुठे गेली? भाषांतर करणाऱ्याच्या घरात कुणी वेठ केलेली नसली की असं होतं. खोतीच्या ह्या पट्ट्यात, अलिबागेपासून महाडापर्यंत, एखाद्या म्हाताऱ्या कुळाला विचारलं असतं तरी नेमका शब्द मिळाला असता. वेठ्या.

आता मुख्य प्रसंग. रॉय बॅटी टायरेलच्या महालात पोचतो. निर्माता आणि निर्मिती समोरासमोर. ह्या एका प्रसंगावर विद्वानांनी ढीगभर कागद काळा केलाय. रॉय म्हणतो, आयुष्य वाढवून पाहिजे. टायरेल त्याला शास्त्र समजावतो, हे करून पाहिलं, ते करून पाहिलं, एकदा घडवलेलं बदलता येत नाही. मग डोक्यावर हात ठेवून कौतुक करतो. तू किती तेजानं जळलास बघ, थोडकं जगलास पण काय जगलास! च्यायला, ही भाषा ओळखीची नाही? वर्षाला फुलांचा हार आणि कामगारभूषण. पगारवाढ मागितली की आरती. रॉय त्याचं तोंड धरतो, मुका घेतो आणि कवटी फोडतो.

प्रेक्षकाला बरं वाटतं. मला नाही वाटलं. कारण टायरेल मेल्यावर काय बदललं? कारखाना तसाच, कायदा तसाच, डेकार्ड पिस्तूल घेऊन दारात. रॉयचा राग शंभर नंबरी आहे, पण त्याची मागणी चुकली. तो अर्ज घेऊन गेला. निर्मात्याला निर्माता मानून गेला. तूच मला केलंस, तर आता तूच वाढवून दे. ज्या क्षणी हे मान्य केलं त्या क्षणी तो हरला, कवटी फोडायच्या आधीच.

आमच्याकडे ब्रह्मदेवाची कंपनी टायरेलपेक्षा फार जुनी. तोंडातून ब्राह्मण, बाहूतून क्षत्रिय, मांडीतून वैश्य, पायातून शूद्र, आणि शूद्राला काम एकच, वरच्या तिघांची चाकरी. माल बनवतानाच त्याचं काम ठरवलेलं. आपण तर पायातूनही निघालो नाही, आपलं मॉडेल त्या यादीतच नाही. ह्या कंपनीपुढे जोतिबा फुले अर्ज घेऊन गेले नाहीत. १८७३ च्या 'गुलामगिरी'त त्यांनी सरळ हिशेब मागितला. ब्रह्मदेव चार ठिकाणी बाळंत होत होता, तर तो विटाळशी कुठे आणि किती दिवस बसत होता? विद्वान ज्याला निर्मितीचं गूढ म्हणतात, त्या गूढाचं धोतर जोतिबांनी भर चौकात फेडलं. आणि ते पुस्तक अर्पण कुणाला केलं? काळ्या गुलामांना मोकळं करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना.

मग महाड. तुम्हाला तोंडपाठ आहे म्हणून भराभर सांगतो. २० मार्च १९२७, चवदार तळं. पालिकेनं १९२४ मध्येच ठरावानं खुलं केलेलं, पण कागदावर. आमच्या लोकांनी पाणी प्यायल्यावर डोकी फुटली आणि तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून 'शुद्धी' झाली. डिसेंबरात पुन्हा जमायचं ठरलं तेव्हा मोटारवाले अडवतील म्हणून बाबासाहेब आणि प्रतिनिधी मुंबईहून 'पद्मावती' बोटीनं दासगावच्या बंदरात उतरले, तिथून पायी महाड. मांडवाला जागा कोण देईना, ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थानं दिली. २५ डिसेंबरला रात्री मनुस्मृती जाळली. ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे, जन्मानं ब्राह्मण. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्यातले काही उथळ लोक सगळ्याच आडनावांना आग लावायला निघतात.

काय जळलं त्या खड्ड्यात? कुणा टायरेलची कवटी फुटली नाही. घडवण्याची गोष्ट जळली. आम्हाला अमक्यानं अमक्या कामासाठी बनवलं, ही कहाणी जळली. कोर्टाचा लढा पुढे दहा वर्षं चालला, १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानं तळ्याचा निकाल आपल्या बाजूनं दिला. पण खड्ड्यातल्या आगीनं निकालाची वाट पाहिली नव्हती. आणि रॉयचं दुसरं दुखणं बघा. हे पळालेले मोजके लोक, एकेकटे मारले जातात. सभा नाही, पत्रक नाही, आधीपासून पृथ्वीवर राबणारा कुणी त्यांना भाकर देत नाही. इकडे अलिबागजवळ चरीच्या कुळांनी १९३३ मध्ये खोताची शेतं कसायची बंद केली आणि सहा वर्षं ती पडीक ठेवली, नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून. जंगलातली लाकडं विकून पोट भरलं. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये खोतीविरुद्ध विधेयक आणलं, त्याच्यामागे ही उपाशी पोटं होती. वेठ्यानं वेठ थांबवली, हा सिनेमा अजून कुणी काढला नाही.

मरणाच्या चिंतनाबद्दल बाबासाहेबांचं म्हणणं काय, हे विद्वानांना कुणीतरी सांगायला पाहिजे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' १९५७ मध्ये आलं, बाबासाहेब गेल्यावर. प्रस्तावनेतच त्यांनी जुनी गोष्ट उलटी केली. सिद्धार्थानं म्हातारा, रोगी, प्रेत पाहिलं आणि घर सोडलं, ही ती गोष्ट. बाबासाहेब विचारतात, २९ वर्षांच्या माणसानं तोवर हे पाहिलंच नव्हतं? पटत नाही. मग ते दुसरं कारण मांडतात. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण, युद्धाचा ठराव, सिद्धार्थाचा विरोध आणि त्यापायी परिव्रज्या. पाणी! ज्यानं चवदार तळ्यावर ओंजळ भरली त्याला बुद्धाच्या घर सोडण्यात प्रेताआधी पाणी दिसलं. म्हणून कुणी मृत्यूचं चिंतन म्हणून डोळे मिटायला लागला की मी आधी विचारतो, पाण्याचं काय झालं?

आणि मरणाशी आपली ओळख चिंतनातून नाहीच. मेलेलं ढोर ओढणं, मर्तिकाचा सांगावा घेऊन गावोगाव धावणं, सरणाला लाकडं वाहणं, ही महाराची कामं. मरणाचं तत्त्वज्ञान त्यांनी घेतलं, मरणाची हमाली आपल्याकडे दिली.

आता सिनेमालाही सोडत नाही. गोष्ट गुलामांची, पण पडद्यावरचे गुलाम सगळे गोरे, रॉय तर निळ्या डोळ्यांचा. काळ्या माणसाची पाठ सोलून कथा घेतली आणि कातडी तिथंच टाकली. पिवळी-सावळी माणसं आहेत, पण गर्दीला, छत्र्या धरायला, शेवया विकायला. दुसरं, रेचल. तिच्या आठवणी टायरेलच्या भाचीच्या, उचलून डोक्यात घातलेल्या. हे कळून ती कोसळलेली असताना डेकार्ड दार अडवतो, ढकलतो, मी सांगतो तसं म्हण म्हणतो, आणि मागे गोड संगीत वाजतं. सिनेमा त्याला प्रेम म्हणतो. आमच्या वस्तीतल्या बाया ह्याला काय म्हणतील ते इथं छापता येणार नाही. तिसरं, शेवट. मरता मरता रॉय आपल्या शिकाऱ्याला छपरावरून पडताना वाचवतो, पावसात दोन शब्द बोलतो आणि मान टाकतो. हा भाग सगळ्यांना फार आवडतो. मलाही आवडतो, खोटं कशाला बोलू? भीतीत जगणं म्हंजे गुलामी, हे तो डेकार्डला लटकवून दाखवतो, तेवढं तरी कुणीतरी दाखवलं. पण मेलेला, माफ करून गेलेला गुलाम मालकांना नेहमीच आवडतो. तो पुन्हा पगार मागायला येत नाही. (रॉयचं काम करणारा रुटगर हाउअर २०१९ मध्येच वारला. त्याच साली पडद्यावरचा रॉय मरतो. योगायोग, दुसरं काही नाही.)

२०१७ मध्ये डेनिस विलनव्ह या दिग्दर्शकानं दुसरा भाग काढला, '२०४९'. त्यात भयंकर गोष्ट आहे आणि तिच्याकडे नीट कुणी बघितलेलं दिसत नाही. रेप्लिकंट बाईला मूल झालेलं असतं. नवा मालक वॉलेस ते रहस्य मिळवायला धडपडतो. का? कारखान्यात बनवून गुलाम पुरत नाहीत. गुलामाच्या पोटी गुलाम जन्मला पाहिजे, म्हंजे फुकट आणि अखंड. नुकत्याच तयार झालेल्या बाईच्या ओटीपोटावर तो सुरी चालवतो, वांझ निघाली म्हणून. पस्तीस वर्षं लागली हॉलिवूडला मनूपर्यंत पोचायला! जात या शब्दाचा अर्थच जन्म. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात निबंध वाचला, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते, म्हंजे तुमच्या-माझ्या वयाचे. त्यांनी दाखवलं की जात टिकते ती जातीतल्या लग्नावर, आणि ते टिकवायला सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह. बाईच्या पोटावर पहारा. वॉलेसची सुरी आणि हे, यात फरक एवढाच की आमच्याकडे सुरी चालवणारा सनई लावतो.

तेव्हा असं करा. २५ डिसेंबरला महाडला जाणारे तुम्ही पुष्कळ जण आहात. आदल्या रात्री वस्तीतल्या विहारात पडदा बांधा आणि पहिला भाग दाखवा. १९८२ ची प्रत घेऊ नका, तिच्या शेवटी कंपनीनं हिरवे डोंगर आणि सुखाची गाडी चिकटवलीय. २००७ ची घ्या. इंग्रजीला घाबरू नका, एकानं बाजूला बसून मराठीत सांगत जायचं, मी येईन पाळी बदलून. बाया आणि पोरी पुढे बसवा. रेचलचा प्रसंग झाला की थांबवून आधी त्यांना बोलू द्या. टायरेलचा प्रसंग आला की पुन्हा थांबवा. तेव्हा पदवीवाल्यांनी गप्प बसायचं. गटारात उतरलेला, ठेक्यावर ब्रेक खाल्लेला, असा कुणी असेल तर त्याला पहिलं विचारा, तू त्या खोलीत असतास तर काय मागितलं असतंस. सकाळी लवकर निघायचंय, तेव्हा पडदा नऊच्या आत सुरू झाला पाहिजे.